चौदा महिने बाहेर राहिल्यावर

नोकरी सोडली तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते, नवरा एकोणपन्नासचा, मुलगी आठची. ठाण्याला नौपाड्यात एका विमा कंपनीच्या कचेरीत मी बावीस वर्षं क्लेमच्या फायली बघितल्या. आग, चोरी, अपघात. दुसऱ्यांचं काय काय झालं ते वाचायचं आणि खाली सही करायची. नवरा डोंबिवलीच्या एमआयडीसीत मेन्टेनन्सला होता. त्याचा कारखाना गुजरातला हलायचं ठरलं तेव्हा एक तर तिकडे जा, नाहीतर आत्ताच निवृत्त व्हा, असं त्याला सांगण्यात आलं. एका रविवारी दाढी करता करता तो म्हणाला, "आपण दोघांनीही सोडली तर?"

"आणि करायचं काय?"

"निघायचं. गाडी घेऊन. वर्षभर."

कल्पना त्याची होती हे मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण पुढे सगळं उलटं झालं. तेव्हा मीच नाही नाही म्हणत होते. मुलीची शाळा, घर, लोक काय म्हणतील. शाळेच्या बाईंनी आमच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "परत आलात की चाचणी घेऊ. पास झाली तर पुढच्या वर्गात." कचेरीतल्या मैत्रिणींनी निरोपाला साडी दिली. ती साडी मी वर्षभर गाडीत कुठे नेसणार होते, हे त्यांना सुचलं नाही आणि मलाही.

डोंबिवलीचा आमचा फ्लॅट लहान आहे, एक हॉल आणि एक बेडरूम. भाड्याने द्यायचा नाही असं ठरलं. सासूबाई ठाण्यात कोपरीला मोठ्या दिरांकडे राहायच्या. एकाहत्तर वर्षांच्या, काटक, बोलायला कमी. दोन खोल्यांत दीर, जाऊ, कॉलेजात जाणारे दोन पुतणे आणि त्या. नवऱ्याने त्यांना विचारलं, "आई, आठवड्यातून एकदा जाऊन झाडांना पाणी घालशील?"

"घालीन," त्या म्हणाल्या. एवढंच.

पहिले तीन महिने माझे वाईट गेले. कोकणातून खाली कारवार, मग केरळ. प्रत्येक नव्या खोलीत गेल्यावर मी आधी बाथरूम घासायचे, मग रडायचे. नवरा खुशीत होता. मुलगी गाडीच्या मागच्या सीटवर पाढे म्हणायची आणि दर दोन तासांनी विचारायची, "आज झोपायचं कुठे?" मला याचं उत्तर देता यायचं नाही आणि त्याने मी आणखी चिडायचे.

मग कधीतरी, नेमकं कधी ते सांगता येणार नाही, ते उत्तर माहीत नसणं मला आवडायला लागलं. सकाळी उठायचं, पिशव्या डिकीत टाकायच्या, आणि काल ज्या गल्लीत दूध घेतलं ती गल्ली आता आपली नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावर एका गावात आम्ही अठरा दिवस राहिलो. तिथे विसाव्या दिवसाची वाट न बघता मीच म्हटलं, "चला, पुरे झालं." नवरा चकित झाला. "अगं, आत्ता कुठे बरं वाटायला लागलंय."

त्याच गावात मुलीला ताप आला. तीन दिवस उतरेना. डॉक्टर चांगले होते, पण ती आजीसाठी रडत होती म्हणून सकाळी दहाला सासूबाईंना फोन लावला. त्या नातीशी बोलत होत्या आणि मागून घरघर ऐकू येत होती. ती घरघर मी चांगली ओळखत होते. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पिठाची गिरणी आहे. दहा ते एक आणि चार ते सात ती चालते.

मी फोन घेतला. "आई, तुम्ही डोंबिवलीत?"

"झाडांना पाणी घालायला आलेले."

चार दिवसांनी संध्याकाळी पाचला फोन केला, तर मागे गिरणी. पुढच्या आठवड्यात दोनदा, तरीही गिरणी. मी नवऱ्याला म्हटलं, "आई तिथेच राहायला गेल्यात." तो म्हणाला, "दादाकडे काही झालं असेल का?" त्याने दिरांना फोन केला तर ते हसून म्हणाले, "काही नाही रे. तिला तिकडे बरं वाटतं म्हणते. आम्ही आपले रविवारी डबा नेऊन देतो." आम्ही सासूबाईंना काही विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही. फोनवर त्या झाडांबद्दल बोलायच्या.

शेवटचे अडीच महिने आम्ही कुमाऊंमधल्या एका लहान गावात होतो. घरमालकीण बाईंच्या वरच्या मजल्यावर एक खोली. मुलगी तिथल्या शाळेत नुसती जाऊन बसायची, नाव न घालता. तिला दोन मैत्रिणी मिळाल्या. आणि तिथेच एक दिवस नवरा पायऱ्यांवर बसून म्हणाला, "मला घरी जायचंय. मला माझ्या संडासात बसून पेपर वाचायचाय."

मी हसले. तो हसला नाही.

"चौदा महिने झाले," तो म्हणाला. "हिची शाळा सुरू होईल. तुला जायचं नाही का?"

मला जायचं नव्हतं. पण मुलीला घेऊन आणखी किती फिरणार? तिच्या मैत्रिणींचा निरोप घेताना ती इतकी रडली, की पुन्हा हिला कुठे मैत्रिणी करायला लावायच्या नाहीत, असं मी मनात ठरवलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दुपारी डोंबिवलीला पोचलो. दार सासूबाईंनी उघडलं. केस धुतलेले, पाठीवर मोकळे. त्यांना मी कोपरीला कधी मोकळ्या केसांत बघितलं नव्हतं. घरात सगळं हललेलं होतं. आमचा पलंग खिडकीखाली, ओट्यावरचे डबे खालच्या कप्प्यात, हॉलमध्ये एक नवी आरामखुर्ची. शेजारच्या बायका दोनदा डोकावून गेल्या आणि माझ्याशी पाहुणीसारखं बोलल्या. दुसऱ्या दिवशी दारावर मासळी घेऊन येणारी बाई मला म्हणाली, "तुमची म्हातारी लय भारी हाय. मना बसवून च्या देते." पंधरा वर्षं मी त्या बाईकडून बोंबील घेत आले, आणि तिला कधी आत बोलावलं नव्हतं.

आठवडाभराने जेवताना नवऱ्याने विषय काढला. "आई, दादा विचारत होता, रविवारी तुला न्यायला येऊ का म्हणून."

सासूबाईंचा हात ताटात थांबला. "रविवारी?"

"म्हणजे तुझ्या सोयीने."

"बघू," त्या म्हणाल्या आणि उठून ताट घासायला घेतलं. भात तसाच राहिला होता.

तो रविवार गेला, पुढचाही गेला. दीर आले नाहीत, आम्ही विचारलं नाही. मुलगी चाचणीत पास झाली आणि दहा दिवसांत अशी रमली, की जणू कधी गेलीच नव्हती. नवऱ्याला अंबरनाथच्या एका कारखान्यात आठवड्यातून तीन दिवसांचं सल्ल्याचं काम मिळालं. तो सकाळी पेपर घेऊन आत जायचा आणि अर्ध्या तासाने प्रसन्न होऊन बाहेर यायचा. मला त्याचा राग यायचा.

मला घरात बसवेना. माझे कपडे अजून बॅगेतच होते. कपाटात लावायला घेतले की दोन घड्या घालून परत बॅगेत ठेवायचे. पहाटे उठून मी चालायला निघायचे. आधी ठाकुर्लीपर्यंत, मग पत्रीपुलापर्यंत, मग कल्याण स्टेशनपर्यंत. तिथून शेअर रिक्षाने परत. घरी येऊन पोहे करायचे आणि अकरा वाजता परत बाहेर. भाजी संपलेली नसताना भाजी आणायचे. एकदा नौपाड्यात जुन्या कचेरीत गेले. जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणींनी डबे उघडले आणि एक जण म्हणाली, "काय मग, पोटभर झालं ना फिरून?" सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी "हो" म्हटलं, आणि तिथून निघाले ती कोपरीपर्यंत चालत सुटले. दिरांच्या इमारतीखाली उभी राहून मग लक्षात आलं, की इथे मला काहीच काम नाही.

जुलैत एका दुपारी घरी आम्ही दोघीच होतो. मी तिसऱ्यांदा फर्निचर सरकवत होते. सासूबाई आरामखुर्चीत बसून बघत होत्या.

"तू जायला बघतेयस," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"ते तुला माहीत. तुझे पाय बघ, एका जागी नाहीत."

मी पलंगाच्या कडेवर बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्याची लाज वाटली. इतकं सगळं असताना कसली तक्रार?

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "तुम्ही गेलात ना, तेव्हा पहिल्यांदा इथे राहिले तो दिवस मला आठवतो. उशीर झाला म्हणून राहिले. सकाळी चहा ठेवला, तर एका कपाला पाणी किती घालायचं तेच कळेना. अठराव्या वर्षी लग्न झालं. त्याच्या आधी भावंडं. आयुष्यात एकटीपुरता एक कप चहा कधी केला नव्हता. दोन दिवस राहिले, चार दिवस राहिले. मग जावंसं वाटेना. तिकडे कोणी वाईट नाही गं. सून चांगली आहे, पोरं चांगली आहेत. पण दार लावून घेतलं तर ते काय झालं विचारतात."

"तुम्ही आम्हाला फोनवर सांगितलं का नाही?"

"तुम्ही परत आला असतात," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सरळच सांगितलं. "मी आहे पोरीपाशी. शाळेचं, डब्याचं मी बघते. तू महिनाभर जाऊन ये. पण मला कोपरीला पाठवू नका."

हा सौदा होता. तो सौदा आहे हे दोघींनाही कळत होतं. मला वाटलं, नवऱ्याला आधी विचारायला हवं. आणि तरीही मी म्हटलं, "ठीक आहे."

नवरा भडकला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. "तुम्ही दोघींनी ठरवलं आणि मला नुसतं कळवताय? वर्षभर काय एकटी होतीस का? आम्हाला सोडून जायचंय तुला?"

"सोडून नाही. तीन आठवडे."

"कशासाठी? काय राहिलंय बघायचं?"

बघायचं काहीच राहिलं नव्हतं. मी गप्प राहिले, आणि त्याला माझं गप्प राहणं सगळ्यात जास्त लागलं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने माळ्यावरून माझी पाठीवरची सॅक काढली, झटकली आणि दाराशी ठेवली. मुलीला सांगितलं तर तिने विचारलं, "मग मी आजीच्या बाजूला झोपू?" बस, इतकंच. ती रडली असती तर मला जाणं अवघड गेलं असतं. ती रडली नाही, आणि मला ते वेगळ्याच ठिकाणी लागलं.

मी कुमाऊंमधल्या त्याच गावी गेले. घरमालकीण बाईंनी माझ्या मागे बघितलं आणि विचारलं, बाकीचे कुठे? घरी आहेत म्हटल्यावर त्या दिवशी पोळ्या त्यांनी स्वतः वर आणून दिल्या. पहिले पाच दिवस मी पायऱ्यांवर बसून होते. इतकी स्वस्थ मी कित्येक महिन्यांत नव्हते. सहाव्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी माझ्या मुलीच्या त्या दोन मैत्रिणी रस्त्याने जाताना दिसल्या. त्या माझ्याजवळ धावत आल्या, तिचं विचारलं, आणि गेल्या. त्यानंतर मला तिथेही बसवेना. रोज आणखी लांब चालायला जायचे. सोळाव्या दिवशी परतीचं तिकीट काढलं.

मला वाटायचं, एक तर मला प्रवास हवा किंवा घर हवं, आणि कुठलं हवं ते एकदा कळलं की सुटेल. ते अजून सुटलेलं नाही. गेल्या तीन वर्षांत मी सात वेळा एकटी गेले आहे. पंधरा दिवस, वीस दिवस, एकदा सव्वा महिना. दर वेळी जाताना हलकं वाटतं आणि अर्ध्यात कुठेतरी मन घराकडे ओढायला लागतं. येते, आठ दिवस बरे जातात, आणि परत पाय चुळबुळतात. सासूबाईंना हॉलला सरकतं दार लावून दिलंय. दुपारी त्या ते आतून लावून घेतात आणि कोणी काही विचारत नाही. नवऱ्याचा राग गेला, पण त्याच्या जागी काय आलं ते मला नीट सांगता येत नाही. तो मला स्टेशनवर सोडायला येतो. पोचल्यावर फोन कर म्हणतो. मी फोन केला की तो नळाच्या गळतीबद्दल, पाण्याच्या वेळेबद्दल बोलतो, आणि मला ते ऐकायला आवडतं.

मुलगी आता बारा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात मी फोनवर नकाशा बघत होते तेव्हा ती शेजारी येऊन बसली.

"आई, तुला आमच्यात आवडत नाही का?"

मी फोन खाली ठेवला. "खूप आवडतं. पण राहवत नाही."

मला वाटलं, आता ती उठून जाईल. पण ती म्हणाली, "मग दिवाळीच्या सुट्टीत मला पण ने. मात्र परत कधी यायचं ते आधी सांगायचं. आणि मग त्याच दिवशी यायचं."

मी तिला तारीख सांगितली. तिने ती आपल्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली आणि माझ्याकडून खाली सही करून घेतली.