हौसाबाईंचा लाल रुपया

किराणा दुकान चालवणाऱ्याला गोष्टी मुद्दाम गोळा कराव्या लागत नाहीत. सुट्ट्या पैशांबरोबर त्या आपोआप गल्ल्यात येऊन पडतात.

आमचं दुकान नारायणगावच्या बाजारपेठेत. पणजोबा मारवाडातून आले, पण आता आमच्या घरात भांडणंसुद्धा मराठीतच होतात. गल्ल्याशेजारी श्रीखंडाचा एक रिकामा डबा ठेवलाय. विचित्र रंगाचं नाणं आलं की मी ते त्यात टाकतो, आणि संध्याकाळी बाकड्यावर दोघं येऊन बसतात, ते त्याचं निदान करतात. एक कांबळे सर, शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवून रिटायर झालेले. दुसरे पिंपळवंडीचे बबनराव, द्राक्षबागायतदार. माणूस सोन्यासारखा, फक्त तोंडात तीळ भिजत नाही.

या डब्याचे किस्से सांगायला बसलो तर चहा तीनदा टाकावा लागेल. पण हौसाबाईंचा ऐकल्याशिवाय मी कुणाला उठू देत नाही. त्यात चूक माझी होती, आणि एका म्हातारीची नातीपुढची पत टांगणीला लागली होती. तो शेवटी सांगतो.

*

एकदा बबनराव रुमालात गुंडाळून चक्क सोनेरी रुपया घेऊन आले. असल्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, असा व्हिडिओ कुणीतरी त्यांना पाठवला होता. त्यांनी लगेच फोटो काढून दहा ग्रुपवर टाकलाही होता.

सरांनी रुपया उलटसुलट केला. कडेला जांभळट झाक होती. त्यांनी एवढंच विचारलं, की आंघोळीचं पाणी अजून बंबावरच तापतं का? तापत होतं. मग सरांनी सांगितलं, की स्टीलचा रुपया निखाऱ्यात पडला की असा रंग धरतो. बंबात पडला असेल, राख काढताना सापडला असेल.

बबनराव ऐकेनात. शेवटी सरांनी माझ्याकडून एक साधा रुपया घेतला, शेजारच्या चहावाल्याच्या गॅसवर सांडशीत धरला, आणि जरा वेळानं दुसरा सोनेरी रुपया बबनरावांच्या हातावर ठेवला.

बबनरावांनी दोन्ही रुपये रुमालात गुंडाळले. मग म्हणाले, "म्हंजे आता दोन झालं. जोडीला जास्त भाव आसंल!"

*

द्राक्षांच्या हंगामात माझ्या डब्यात निळी नाणी वाढतात. बागेवर मोरचूद आणि चुन्याचं पाणी फवारतात, ते अंगावर उडतं, खिशात झिरपतं आणि चिल्लरीवर निळसर थर बसतो.

सर एकदा हे मला समजावून सांगत होते आणि समोर निमगाव साव्याची एक बाई साबण घेत उभी होती. तिनं मूठ उघडून बघितली. नवऱ्याच्या खिशातली चिल्लर होती, लखलखीत. नवरा म्हणे आदला अख्खा दिवस फवारणीवर होता. बाई साबण तिथंच विसरून गेली.

पुढच्या आठवड्यात नवराच आला. निळीशार नाणी काउंटरवर ठेवून त्यानं साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगितलं, की आत्ता फवारणी उरकूनच आलोय. अंगात मात्र इस्त्रीचा पांढरा शर्ट.

सरांनी नाण्यांकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "पत्ते कुठं खेळता?"

*

पाच रुपयांचं पितळी नाणं गुलाबी झालेलं मी पहिल्यांदा बघितलं ते शेजारच्या वहिनींकडून आलेलं. सर म्हणाले, हे बरेच दिवस आंबटात राहिलंय. वहिनींनी कबूल केलं. सासरे विडीसाठी घरातली चिल्लर शोधून काढतात, म्हणून त्यांनी ती फडक्यात बांधून लोणच्याच्या बरणीत लपवली होती.

मी म्हटलं, वहिनी, जेवताना बरणी कुणी उघडली तर?

"कोण उघडतंय? लोणचं मी घातलंय ना!"

*

आता हौसाबाई.

राहणार खोडद, वय सत्तरीच्या पुढं, कमरेला चंची. त्या कापडी पिशवीत पान, तंबाखू, चुना आणि चिल्लर, सगळा संसार. त्यांची नात वैशाली. तिनं लग्न स्वतःच जमवलं, मुलगा खोडदच्याच त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर इलेक्ट्रिशियन. हौसाबाई वर्षभर आडव्या आल्या. शेती नसलेल्या घरी पोरगी द्यायची नाही, आणि आभाळाकडं बघून कुणाचं पोट भरतं का, म्हणायच्या. शेवटी पोरीनं जेवण सोडलं तेव्हा विरघळल्या.

सुपारी फुटली त्या दिवशी मुलाच्या वडिलांनी हळद लावलेला एक रुपया हौसाबाईंच्या हातात दिला. त्यांच्यात रीत अशी, की तोच रुपया लग्नात नवरीच्या ओटीत घालायचा. हौसाबाईंनी तो चंचीत जपून ठेवला. आणि बाजारच्या दिवशी माझ्याकडं तंबाखूची पुडी घेताना चिल्लरीबरोबर तोही देऊन बसल्या. मी, रंगीत नाण्यांचा एवढा मोठा जाणकार, गर्दीत न बघता तो कुणाला तरी सुट्ट्यात देऊन टाकला! मला अजून त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी त्या बाकड्यावर येऊन बसल्या. रिकामी चंची मांडीवर उलटी केली.

"शेठ, रुपयाचं काय न्हाई वो. पर वरीसभर मीच आडवी आले व्हते. आता म्हणत्याल, म्हातारीनं मुद्दाम हरवला. पोरगी माझं तोंड बगायची न्हाई."

सरांनी रंग विचारला. आधी पिवळा होता, मग चंचीत आपोआप लाल झाला, देवीनं कुंकू लावलं म्हणून आपण लई खूश होतो, असं त्या म्हणाल्या. सरांनी हळूच सांगितलं, की हळदीला चुना लागला की ती लाल होते. त्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. म्हणजे खरा रुपया ओळखायची खूण मिळाली.

पुढं आठ दिवस आम्ही दुकानात येणारा एकेक रुपया तपासला. एक पानाच्या पिंकेनं लाल झालेला आला, एक नेलपॉलिशनं. लिंबं संपली, रुपया काही आला नाही.

लग्न दोन दिवसांवर आलं. मला राहवेना. घरी गुपचूप एका रुपयाला ओली हळद फासली, वर चुना चोळला, वाळवला आणि खोडदला जाऊन हौसाबाईंच्या हातावर ठेवला. सापडला म्हणालो. कधी नव्हे ते धडधडीत खोटं बोललो.

त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, कडेवरून अंगठा फिरवला, कपाळाला लावला आणि चंचीत टाकला. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

लग्नात ओटी भरायची वेळ आली. हौसाबाईंनी चंची उघडली आणि वैशालीच्या ओटीत लाल रुपये घातले. चार!

मी सरांकडं बघितलं. सर मांडवाच्या छताकडं बघत होते. बबनरावांकडं बघितलं, ते चपलांकडं. म्हणजे तीन कळले. चौथा कुणाचा? समोरच्या खुर्चीत मुलाचे वडील बसले होते आणि रुमालानं अंगठा पुसत होते. अंगठ्याचा लाल रंग काही जात नव्हता.

बबनराव माझ्या कानाशी आले. म्हणाले, "म्या फकस्त त्यांनाच सांगितलं व्हतं."

वैशाली ओटीकडं बघत राहिली. तिनं हळूच विचारलं, "आज्जी, यातला खरा कुठला?"

"एकबी न्हाई. माझ्या रुपयाच्या कडंला खाच व्हती. पर ती कुणी इचारलीच न्हाई, समदे रंगच इचारत व्हते."

त्यांनी एकवार व्याह्यांकडं बघितलं, चंची मिटून कमरेला खोचली आणि नातीच्या पदराची गाठ स्वतः आवळली.

"ठिव, चारीबी ठिव. एखादा हरवला तर आसावा."