तंबूवरचा डाग

गच्चीतल्या दोरीवर शेजारच्या सुलभाताईंचा तंबू वाळत घातला आहे आणि मी त्याच्याकडे चोरासारखा बघतो आहे. हा त्यांच्या मुलाचा, निखिलचा तंबू. तो परदेशी गेल्यापासून हा माळ्यावर पडून होता, म्हणून त्यांनी आम्हाला सहलीला दिला. तंबूत बसून जेवू नये, एवढं साधं मला कळलं नाही. पिठलं सांडलं. घाईघाईनं साबण लावला, तर हळदीचा डाग लालभडक झाला. घरी आल्यापासून दोन दिवस धुतोय, उन्हात टाकतोय. ऊन हळद खातं, हे आईचं म्हणणं खरं निघालं. डाग फिकट होत गेला. त्या भरात दाराजवळचा एक जुना तपकिरी डागही मी घासून काढला. अपराधी माणूस जरा जास्तच स्वच्छता करतो.

मघाशी सुलभाताई वर आल्या. पिठल्याचं मी कबूल केलं. "असू दे हो," म्हणाल्या, आणि दाराची कड हातात घेऊन काहीतरी शोधत राहिल्या.

"इथं चहाचा डाग होता. निखिलनं पहिल्यांदा स्वतः केलेला चहा. मला द्यायला आत आला आणि सांडला."

"मी धुतला तो," मी म्हणालो.

दाराची कड सोडून त्या खाली गेल्या. वस्तू घेतली तशी परत द्यावी म्हणतात. पण ती कशी होती, हे देणाऱ्यालाच ठाऊक असतं. कापड उन्हासमोर धरलं, तर माझा पिठल्याचा डाग अजून पुसट दिसतो. चहाचा कुठंच दिसत नाही.