यमुनीच्या दुकानाची शिल्लक

…आणि "हबीबी, खलास! दुसरं गिऱ्हाईक बघ!" असं म्हणून मनोरमाबाईंनी फोन बंद केला, इथवर आलो होतो ना काल? मग पुढं ऐका. फोनवर कोणी भामटा नव्हता, बरं का. ते होते मनोरमाबाईंच्या माहेरगावच्या नगरपरिषदेतले कर विभागाचे खटावकर साहेब. बिचाऱ्याची सरळ नोकरी, सरळ बोलणं. "तुमच्या दुकानाचा घरपट्टीपायी लिलाव झाला, थकबाकी वळती करून वर पैसे उरलेत, ते घेऊन जा," एवढंच तो सांगत होता. पण दुबईत राहणाऱ्या माणसाला रोज कोणीतरी फुकटचे पैसे द्यायला फोन करतंच. बाईंना वाटलं, हाही त्यातलाच.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. मनोरमाबाई टिळेकर, राहणार दुबई सिलिकॉन ओएसिस. नवरा अरुणराव, जहाज कंपनीतून निवृत्त. मुलगा वेदांग जुमेरा लेक टॉवर्समध्ये कॉम्प्युटरवर. नात केया, तिला मराठी सगळं कळतं पण तोंडातून इंग्रजीच येतं. बाईंनी उभी नोकरी एका शाळेच्या फीच्या खिडकीत काढली. उशिरा आलेल्या पालकाला त्या नुसतं चष्म्यावरून बघायच्या, की तो दंडाचे दिरहम न मागता पुढं सरकवायचा. अशा बाईची घरपट्टी थकावी! पण थकली, आणि चांगली पंधरा-सोळा वर्षं थकली.

झालं काय, की दुबईत घराची पट्टी वीज-पाण्याच्या बिलातच लागून येते. वेगळं भरायला जावं लागत नाही. इतकी वर्षं तिथं काढल्यावर बाईंच्या डोक्यात तेच बसलं. वडील गेले, सायकलचं दुकान बंद पडलं, तेव्हा त्यांनी वेदांगला बसवून दुकानाचं लाईटबिल आपोआप जाईल अशी सोय करून घेतली आणि हात झटकले. शेजारच्या दुकानातल्या खैरुद्दीननं शटरवर चिकटवलेली नोटीस पाहून निरोपही धाडला होता. बाई म्हणाल्या, "बिल जातंय की दर महिन्याला! त्यातच असते घरपट्टी." खैरुद्दीनला वाटलं, असेल बुवा दुबईवाल्यांची काही वेगळी सवलत.

तर खटावकर साहेबांनी फोन कानावरून काढला आणि तडक खैरुद्दीनच्या दुकानात गेले. खैरुद्दीननं शारजाला फोन लावला, आपल्या बहिणीला, जहांआराला. ती मुलाकडं, नोमानकडं, अल मजाजला असते. जहांआरा आणि मनोरमाबाई एका बाकावरच्या. पाचव्या मिनिटाला सिलिकॉन ओएसिसमध्ये फोन वाजला.

"यमे! गधडे! अगं साहेबाला हबीबी म्हणालीस?"

"कुठल्या साहेबाला?"

"जाऊ दे. दुकान गेलं तुझं. आता बस खाली, मग पुढचं सांगते."

बाई बसल्या. दुकान गेलं हे ऐकून तोंड उतरलं, मग उरलेल्या पैशांचं ऐकून जरा वर आलं. नऊ लाख रुपये. अरुणराव जन्मभर दिरहमचे रुपये करत आलेले, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी उलटा हिशेब मांडला. "अडतीस हजार दिरहम! पण मनू, सोड ना. कोण त्या कचेरीच्या नादी लागणार? आपल्याला काय कमी आहे?"

"कमी काही नाही," बाई म्हणाल्या. "पण बापानं लग्नाआधी दुकान माझ्या नावावर केलं, लेकीला हक्काचं छप्पर असावं म्हणून. ते मी झोपेत घालवलं. आता उरलंय ते तरी माझ्या हातानं घेईन. मुदत गेली की तेही सरकारी तिजोरीत जमा."

आता खरी मेख ऐका. दुकान कोणाच्या नावावर? यमुना महादू लोणकर. पासपोर्ट कोणाचा? मनोरमा अरुण टिळेकर. बाईंनी साहेबांना फोन करून आधी माफी मागितली, मग अडचण सांगितली.

"नाव बदलल्याचा काही पुरावा?" साहेब म्हणाले.

"लग्नात बदललं. ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीनं लिहिलं, मनोरमा."

"त्याचा फोटो?"

"फोटोवाला तेव्हा जेवायला बसला होता."

"आणि ते तांदूळ?"

"साहेब, दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी भात लावला त्यांचा."

पुराव्याचा भात झाला म्हटल्यावर साहेब तरी काय करणार? हसले, आणि म्हणाले, "दोन्ही नावांनी ओळखणारं माणूस आणा. त्याचं प्रतिज्ञापत्र वकिलातीच्या शिक्क्यानं पाठवा. मग मी व्हिडिओवर दोघांशी बोलतो. मागं एकदा कोणी भलतीच बाई उभी केली होती, तेव्हापासून मी समोरासमोर बोलल्याशिवाय सही करत नाही."

दोन्ही नावांनी ओळखणारं माणूस साऱ्या आखातात एकच. जहांआरा बुरखा सावरत वकिलातीत गेली, ऐटीत सही करून आली, आणि बाहेर पडल्यावर म्हणाली, "यल्ला, चल, आता फालुदा पाज."

व्हिडिओचा दिवस उजाडला. दोघी सोफ्यावर शेजारी शेजारी, वेदांगनं फोन उशीला टेकवून ठेवलेला. साहेबांनी कागद चाळले आणि जहांआराला विचारलं, "ह्यांना कधीपासून ओळखता?"

"साहेब, हिच्या बापाच्या दुकानातून तासाच्या भाड्यानं सायकल घेतली होती मी. तेव्हापासून. हिनं मला गटारात पाडलं."

"मी पाडलं?" बाई ताडकन वळल्या. "तू स्वतः पडलीस! ब्रेक दाब म्हणून मी बोंबलत होते!"

"मागं बसून हॅण्डल धरायला कोणी सांगितलं होतं तुला? आणि वर हिच्या बापानं वाकड्या चाकाचे पैसे माझ्या अब्बाकडनं घेतले!"

"अर्धेच घेतले! अर्धे माझ्या खाऊतनं कापले, दिवाळीपर्यंत! ते नाही सांगत!"

"खोटं! बिलकुल खोटं! तू तर रोज पेपरमिंट खात होतीस!"

"ती खैरुद्दीन द्यायचा, चोरून!"

"काय? आमचा खैरू?" जहांआरा ओरडली. "आणि मला एक नाही?"

सोफ्यामागून केया म्हणाली, "आजी, हू इज यमी?" कोणी लक्ष दिलं नाही. अरुणराव डोक्याला हात लावून बसलेले. गेले आता पैसे, असंच त्यांच्या मनात आलं. सरकारी माणसासमोर असं कोणी भांडतं का?

पण खटावकर साहेब खुर्चीत मागं रेलून हसत होते. डोळे पुसून म्हणाले, "पुरे, बायांनो, पुरे! पढवून आणलेल्या साक्षी मी पुष्कळ बघितल्या. असं भांडण कोणाला पढवता येत नाही." आणि त्यांनी तिथल्या तिथं कागदावर सही ठोकली.

जहांआरानं बाईंच्या पाठीवर थाप मारली आणि त्यांचाच पदर त्यांच्या हातात दिला, डोळे पुसायला. थोड्या वेळानं साहेबांनी सांगितलं, की दुकान ज्यानं घेतलं त्या पोरानं तिथं विजेवर चालणाऱ्या सायकली मांडल्यात, आणि गावातल्या पोरींचीच जास्त गर्दी असते. ते ऐकून बाई हसल्या, तोंडभर.

"मग आता एवढंच सांगा," साहेब म्हणाले, "पैसे सोडू कोणाच्या नावावर? यमुनाबाई की मनोरमाबाई?"

मनोरमाबाई सावरून बसल्या आणि म्हणाल्या, "खातं मनोरमाचं आहे साहेब, तेव्हा पैसे तिच्या नावावर सोडा. पण पावतीवर सही यमुनी करणार. दुकान तिच्या बापाचं होतं."