पट्ट्यावरची जाळी

"काऊन?"

का, एवढंच विचारून ती थांबायची. आवाज चढवायची नाही, हातातला पाना खाली ठेवायची नाही. उत्तर मिळेपर्यंत समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायची. तुमच्या कामाच्या ठिकाणी असं कुणी असेल, तर अशा माणसाचा किती त्रास होतो हे तुम्हाला ठाऊक असेल. मलाही व्हायचा.

गोंदियाबाहेरच्या एका राईस मिलमध्ये मी सुपरवायझर आहे. ती चिचगडकडची. आयटीआयमधून फिटरचा ट्रेड केलेली. ऐन हंगामात आमचा जुना फिटर रायपूरला निघून गेला, म्हणून शेठनं तिला बोलावलं. तरी तिला बघून म्हणालेच, "लड़की और मशीन? बेटा, ऑफिस में बैठो, कंप्यूटर सीखो."

"काऊन? मशीनले का समजते, पाना कोनाच्या हातात हाय?"

शेठ हसले. आवारात धान पडून होतं, दुसरा इलाज नव्हता. दोन दिवसांत तिनं बंद पडलेली मशीन चालू केली. आमच्या हेडमिस्त्रीला ती जमली नव्हती; तो तिच्याशी महिनाभर बोलला नाही.

मशीनखाली सांडलेलं धान आणि कोंडा झाडायला आमच्याकडे वीसेक बाया आहेत. त्यांच्या खांद्याच्या उंचीवरून मोटरीचा मोठा पट्टा उघडाच फिरायचा. पहिल्याच आठवड्यात ती माझ्याकडे आली.

"साहेब, या पट्ट्याले जाळी काऊन नाही?"

"पंधरा वर्षं झाली, कधी काही झालं नाही."

"तुमाले पदर नाही म्हनून."

मी चिडलो. तिला म्हटलं, विचार जा त्या बायांना. तिनं खरंच विचारलं. दुपारी भाकरी खायला त्यांच्यात जाऊन बसली आणि मला बोलावून घेतलं. एकीची वेणी पट्ट्यात गेली होती, ती कापून काढावी लागली होती. दुसरीचं अख्खं लुगडं ओढलं गेलं होतं आणि मिलभर हशा पिकला होता. "तुमीबी हासले होते," ती बाई माझ्याकडे न बघता म्हणाली. मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही, आणि आज मला त्याचाच जास्त राग येतो.

पंधरा वर्षांत तिथे चार फिटर होऊन गेले. सगळे हुशार, सगळे पँट-शर्टातले. त्या पट्ट्याजवळून रोज जाऊनही एकालाही तो दिसला नाही. मलाही नाही. काही होत नव्हतं असं नव्हतं. होत होतं, पण आम्ही ते हसण्यावारी नेलं होतं, म्हणून आम्हाला सांगावं असं कुणाला वाटत नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी येऊन तिनं भंगारातल्या लोखंडी पट्ट्या जोडल्या, जाळी वेल्ड केली आणि पट्ट्यावर बसवली. बायांसाठी संडास का नाही, हेही तिनं विचारलं. त्या शेतात जायच्या. शेठ म्हणाले, "एक को रखा तो सौ नखरे."

पुढे हेडमिस्त्रीनं जाळी काढून भिंतीला लावून ठेवली. ग्रीस द्यायला वेळ लागतो म्हणे. तिनं परत बसवली. त्यानं परत काढली. ती माझ्याकडे आली, "तुमी सांगा त्याले, तुमचं आयकंल." मी म्हटलं, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी किंकाळी ऐकू आली. झाडता झाडता एका बाईचा पदर पट्ट्यात गेला होता आणि पदराबरोबर हात. आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. ती मात्र धावली, मोटर बंद केली, पट्टा हातानं उलटा फिरवून त्या बाईला सोडवलं. हात कोपरापासून मोडला होता. बाई बेशुद्ध. शेठ आले आणि पहिलं वाक्य बोलले, "साड़ी ठीक से पहनना नहीं आता इन लोगों को."

संध्याकाळी ऑफिसात कागद तयार झाला. कामगार महिलेच्या निष्काळजीपणामुळे अपघात. खाली हेडमिस्त्रीची सही होती. त्याखाली मी केली. होय, मी केली. दोन मुलींची शिक्षणं चालू आहेत, नोकरी जाईल, असं काहीबाही मनात आलं. मग कागद तिच्यापुढे सरकवला.

तिनं पूर्ण वाचला. "जाळी कोनं काडली, थे पयले लिवा."

"आप सही करो, बात ख़तम," शेठ म्हणाले.

"जाळी कोनं काडली, थे लिवा. साहेबाले ठाऊक हाय."

मी टेबलाकडे बघत राहिलो. तिनं माझ्याकडे फार वेळ पाहिलं नाही. पेन ठेवलं, दुसऱ्या दिवशी सकाळीच कारखाने तपासणाऱ्या सरकारी ऑफिसात तक्रार दिली आणि मिलवर आली तर तिला गेटवरच थांबवलं. कारण दिलं, कामगारांना भडकवते.

तपासणी झाली. तपासायला आलेल्या सरकारी साहेबांपुढे बायांनी तोंड उघडलं, मीही उघडलं. उशिराच, पण उघडलं. आता प्रत्येक पट्ट्यावर जाळी आहे. बायांसाठी संडास बांधला आहे. पाहुणे आले की शेठ स्वतः फिरून दाखवतात, "हमारे यहाँ सेफ्टी पहले." हात मोडलेली बाई घरी आहे, तिला ताटही नीट उचलता येत नाही. आणि जिनं हे सगळं घडवलं, तिला परत बोलवा म्हटलं तर शेठ हात जोडतात, "औरत नहीं चाहिए रे बाबा, झंझट होती है." ती कुठे आहे, मला माहीत नाही. फोन लागत नाही.

गेल्या आठवड्यात गेटवर पाटी लागली. ती लिहायला मी नकार दिला, मग शेठनं पेंटरकडून लिहून घेतली. कामावर येणाऱ्या बाया तिथे थांबल्या. वाचता येणारी त्यांच्यात कुणी नव्हती.

"साहेब, काय लिवलं हाय?"

मी वाचून दाखवलं. फिटर पाहिजे. फक्त पुरुषांनी अर्ज करावा.

 मग त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी खाली बघत म्हणाली, "म्हंजे आता आमच्यात येऊन बसनारं कोनी येनार नाही." तिनं पदर कमरेला घट्ट खोचला, झाडू उचलला आणि आत गेली. तिच्यामागून बाकीच्या गेल्या.