वाट्यातला घोडा

डेल्मर टिबिट्सकडे स्वतःचं म्हणावं असं फारसं काही नव्हतं. एक खोगीर, कच्च्या कातड्याची विणलेली लांब दोरी, दोन लगाम आणि ताडपत्रीत गुंडाळलेली वळकटी. हॅलक रँचवर, गुरांच्या त्या मोठ्या वाडीवर, तो आला तेव्हा मिसरूड फुटत होती. पहिल्या वर्षाचा सगळा पगार त्याने त्या खोगिरात घातला, म्हणून मालक वेस्ली हॅलक पोट धरून हसला होता. आता वेस्ली राहिला नव्हता आणि डेल्मर सत्तरीला टेकला होता. बायको नाही, घर नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "माझे घोडे आहेत ना!" घोडे अर्थात रँचचे. पण हे त्याला सांगायच्या फंदात पडू नये.

कारण तिथे घोड्यांचा वाटा असतो. गड्याला एकदा सहा-सात घोडे वाटून दिले की ते त्याचे. मालकसुद्धा त्यांना हात लावत नाही. वाट्यातला एक जरी घोडा न विचारता काढला, तर त्याचा अर्थ एकच, आता तू निघ. तोंडाने कुणी काही बोलत नाही. गडीही कारण विचारत नाही, विचारणं म्हणजे भीक मागणं. तो वळकटी बांधतो आणि चालू लागतो. वेस्लीने असे कितीतरी गडी वाटेला लावले होते आणि डेल्मरला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

त्या वसंतात वासरांना तापल्या लोखंडाने मालकीच्या खुणेचे डाग द्यायचे दिवस होते. सकाळी दोरीच्या रिंगणात घोडे गोळा केलेले, भोवती गडी. मधोमध पायी उभं राहून घोडे पकडून द्यायचं काम मालकाचं. वेस्लीमागे ते त्याची मुलगी कोरीन करायची. गड्याने आपल्या घोड्याचं नाव घ्यायचं, तिने फास टाकायचा. डेल्मर म्हणाला, "डीकन." फास डीकनच्याच गळ्यात पडला. कोरीनने त्याला बाहेर आणलं आणि दोरी दिली ती दुसऱ्याच गड्याच्या, एमेटच्या हातात.

"डेल्मरकाका, तुम्ही आज डागण्या घेऊन ट्रकमधून या," ती दुसरीकडेच बघत म्हणाली.

एमेट कानापर्यंत लाल झाला. बाकीच्यांना अचानक आपापल्या खोगिरांचे पट्टे आवळायची घाई सुटली.

ट्रक ऑगी आचारी चालवत होता. डेल्मरच्या मांडीवर डागण्या होत्या, कोरीनच्या आजोबांनी मोडक्या गाडीच्या चाकाच्या धावेतून घडवलेल्या. तो एकेक कारण शोधत होता. पोरगी चुकली असेल? शहरात शिकायला होती, रीत विसरली असेल? पण तिला पहिल्यांदा घोड्यावर आपणच बसवलं, ती विसरेल कशी? मग रागावली असेल. पण कशावरून?

"ऑगी, तुला काय वाटतं?"

"मला वाटतं आज घेवडा करपणार. घोड्यांचं मला विचारू नकोस, म्हाताऱ्या."

"घोडा काढला माझा."

"पाहिलं."

"पण काका म्हणाली."

"हाकलतानाही माणसं काका म्हणतात," ऑगी म्हणाला, आणि मग बोलून गेल्याचं त्यालाच वाईट वाटलं.

काम आटोपल्यावर डेल्मरने वळकटी बांधली. मग सोडली. मग पुन्हा बांधली. ती बांधलेली असतानाच कोरीन गड्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"हे काय? निघालात कुठे?"

"घोडा काढलास ना."

"त्याचा तसा अर्थ नव्हता, काका."

"दुसरा कुठला असतो?"

ती खाटेच्या कडेवर टेकली. "बाबा घोड्याखाली सापडले तेव्हा मीच त्यांना बाहेर ओढलं होतं. तुम्ही या महिन्यात दोनदा पडलात. एमेटने पाहिलं. मला तुम्हाला तसं ओढायचं नाहीये. घोड्यावर बसू नका, पण जाऊही नका, एवढंच म्हणायचं होतं."

"मग म्हणायचं होतंस!"

"तुमचा अपमान झाला असता."

"आणि हा चारचौघांत काय सत्कार केलास?"

कोरीनला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. "मला सुचलंच नाही हो काही!"

डेल्मर बांधलेल्या वळकटीवर बसला. त्याला राग यायला हवा होता, पण तोही धड येत नव्हता. "पोरी, निघ म्हणालीस तर मला कळतं. घोडा घे म्हणालीस तर कळतं. हे मधलं काय ते मला कळत नाही."

"मलाही नाही कळत. उद्या रिंगणात फास तुम्ही टाका. बाबांच्या जागी."

"ते मालकाचं काम."

"म्हणूनच म्हणतेय."

दुसऱ्या सकाळी तो रिंगणाच्या मधोमध उभा राहिला. गडी एकेक नाव घेत होते आणि त्याचा हात नेहमीसारखा चालत होता. क्षणभर त्याला वाटलंही, आपण मालकाच्या जागी चढलो की काय! मग एमेट पुढे आला. टोपी काढून तो जमिनीकडे बघत पुटपुटला, "डीकन."

कुणी हललं नाही. कोरीनसुद्धा नाही. डीकन मात्र सवयीने मान उंचावून डेल्मरकडेच बघत होता. डेल्मरने दोर सोडला. फास अचूक पडला. त्याने घोडा एमेटपर्यंत आणून दिला आणि त्याच्या मानेवरून एकदा हात फिरवला. हा मान की निरोप, हे त्याला तेव्हाही कळेना. पण पुढचा गडी नाव घेऊन उभा होता, म्हणून तो दोर गोळा करत पुन्हा मधोमध गेला.