शिफ्ट झोपलीय

आमच्या घरात माणसं झोपत नसत, शिफ्ट झोपायची. दारात कोणी आलं की मी ओठांवर बोट ठेवून बाहेर यायची आणि म्हणायची, "हळू हं, शिफ्ट झोपलीय." समोरच्याला अर्थ विचारावा लागत नसे. चिंचवडच्या आमच्या तीनमजली इमारतीत सगळी बिऱ्हाडं कारखान्यात जाणाऱ्यांची. आठवडा बदलला की पाळी बदलायची. ज्याची तिसरी पाळी असेल तो रात्रभर मशिनीपुढे उभा राहून सकाळी घरी यायचा आणि दुपारपर्यंत झोपायचा. त्याच्या दारावरून आम्ही बायका चपला हातात घेऊन जायचो.

मी या घरात आले ती साताऱ्याहून, डी.एड. होऊन. आमच्या अध्यापक विद्यालयात मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवणारी मुलगी म्हणून माझं नाव होतं. दुसरं काही फारसं येत नसल्यामुळे मी ते जपून ठेवलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात हे मला अगदी प्रेमानं म्हणाले, "तुझा आवाज चांगला मोठा आहे गं." मी लाजले. मला वाटलं, कौतुक चाललंय. इतकी मी हुशार.

मग हळूहळू कळत गेलं. पंपाचा स्टो फुरफुरतो, म्हणून तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात वातीचा स्टो. त्यावर पोळ्या होईपर्यंत माझा जीव जायचा आणि तवा काजळीनं माखायचा. भांडी घासताना मोरीत गोणपाट अंथरायचं. कुकरची शिट्टी व्हायच्या आत तो खाली उतरवायचा. त्यामुळे आठवडाभर डाळ दाताखाली यायची आणि हेच विचारायचे, "डाळ अशी का राहते गं तुझी?" मी कुजबुजत उत्तर द्यायची. ते म्हणायचे, "काय म्हणालीस?" मी म्हणायची, "काही नाही."

कुजबुजीच्या या कायद्यातून घरातलं एकच माणूस सुटलं होतं, ते म्हणजे माझ्या सासूबाई. चाकणच्या बाजूचं त्यांचं गाव. या बांधावरून त्या बांधावर बोलण्यात आयुष्य गेलेलं. आमच्या दोन खोल्यांतही त्या मध्ये शेत असल्यासारख्याच बोलायच्या. "सूनबाई, मिरच्या वाळत घातल्या का न्हाई?" हे एवढं खणखणीत यांच्या उशाशी उभं राहून. आणि हे ढिम्म हलत नसत. माझ्या हातून चमचा पडला, की मात्र आतून आवाज यायचा, "काय चाललंय तिकडे?"

एकदा धीर करून मी विचारलं, "आईंच्या आवाजानं कशी जाग येत नाही हो तुम्हाला?"

"लहानपणापासून कानात बसलाय तो," हे म्हणाले. "उलट झोप लागते."

माझा आवाज कानात बसायला त्यांचं लहानपण मी आणणार कुठून?

आमची मुलगी याच घरात बोलायला शिकली. घरात बोलायचं ते श्वासातूनच, असा तिचा समज झाला. एका दुपारी ती बाहुलीला निजवत होती. तिनं बाहुलीवर माझा रुमाल पसरला, दुसऱ्या बाहुलीच्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "रडू नको, शिफ्ट झोपलीय." मी हसले. हसले तेही तोंडावर पदर धरून. ती दुसरी बाहुली मीच होते.

मुलगी शाळेत जायला लागली आणि त्याच सुमारास पिंपरीकडच्या एका शाळेत प्राथमिकला बाई हवी आहे, असं कानावर आलं. मी यांना विचारलं. हे म्हणाले, "कर की. माझी काय ना आहे? घरचं सांभाळून कर." हे वाक्य त्या काळी आमच्या इमारतीत सगळे नवरे म्हणायचे आणि म्हणून झाल्यावर स्वतःला फार पुढारलेले समजायचे.

शाळेच्या मोठ्या बाईंनी मला नमुना पाठ घ्यायला बोलावलं. म्हणजे खऱ्या वर्गाला शिकवायचं आणि त्यांनी मागच्या बाकावर बसून ऐकायचं. त्या रोज पुण्याहून बसनं यायच्या. कडक इस्त्रीची साडी, हातात छत्री. शाळा पत्र्याच्या खोल्यांची आणि अगदी मुंबई-पुणे रस्त्यालगत. एक ट्रक गेला की फळा थरथरायचा.

पाठ महाराष्ट्रातल्या नद्यांचा होता. मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की बाहेर येणारा आवाज अध्यापक विद्यालयातला नाही, तो मोरीतल्या गोणपाटावरचा आहे. मी रेटायला गेले तर तो आणखी बारीक झाला. ट्रक आला. गोदावरी कुठे उगम पावते ते मला आणि फळ्याला कळलं असेल, वर्गाला काही कळलं नाही. तरी मी पुढे जात होते, आणि त्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी पेंगायला लागली. तिनं मान टाकली, डोळे मिटले.

आता कोणीही बाई अशा वेळी काय करेल? टेबलावर डस्टर आपटेल. मी काय केलं? मी खडू हळूच खाली ठेवला, चवड्यावर चालत तिच्या बाकापाशी गेले, ओठांवर बोट ठेवलं आणि वर्गाला म्हणाले, "श्श, झोपलीय ती."

पण खरी कमाल केली वर्गानं. सगळीच कारखान्यातल्यांची मुलं. क्षणात वर्ग चिडीचूप. एका मुलीनं पेन्सिल हलक्या हातानं पेटीत ठेवली, एकानं बाकाचं करकरणारं टोक धरून ठेवलं. अशी शिस्त त्या शाळेनं कधी पाहिली नसेल.

मोठ्या बाईंनी मागून विचारलं, "बाई, तुम्ही वर्ग शिकवताय की निजवताय?"

ऑफिसात त्या बऱ्याच सौम्यपणे बोलल्या. "तुमची तयारी चांगली आहे हो. पण मला मागं काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. एक बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार आहेत, तेव्हा पुन्हा या. येताना आवाज घेऊन या."

आवाज काय, पिंपरीच्या बाजारात शेपू-मेथीसारखा जुडीनं मिळतो? घरी येताना मी स्वतःवर इतकी चिडले होते, की बसमधून एक थांबा पुढे गेले आणि उतरायचंय हे कंडक्टरला सांगायलासुद्धा आवाज फुटला नाही.

आवाज काढायला जागा हवी होती. यांची पहिली पाळी असली की घर मोकळं, पण तेव्हा खालच्या बिऱ्हाडाची तिसरी. खालचे बाहेर असले की समोरचे झोपलेले. आमच्या इमारतीत सदासर्वदा कोणीतरी झोपलेलंच असायचं, आणि ते पुरुषच असायचे. बायका कधी झोपायच्या याची पाळी कुठल्याच कंपनीनं लावली नव्हती.

म्हणून एका सकाळी मी पवनेवर गेले, पलीकडे थेरगावच्या बाजूला. तिकडे तेव्हा शेतंच होती. काठावर कोणी दिसत नव्हतं. मी पदर खोचला, नदीकडे तोंड केलं, पोटात श्वास भरला आणि नमुना पाठाची सुरुवात होते तशीच सुरुवात केली.

"मुलांनो!"

आवाज निघाला! फाटका, किरटा, पण निघाला. मला असा हुरूप आला की मी पुन्हा ओरडले, "मुलांनो! इकडे बघा, मुलांनो!"

मागच्या उसातून दोन माणसं धावत आली. एकानं पळता पळताच सदरा काढला होता.

"आवं ताई, कुटं बुडाली? कुटं दिसली शेवटची?"

मला काही सुधरेना. "कोण?" मी म्हटलं.

"पोरं! किती हायेत?"

"अहो, ती तिसरीची मुलं आहेत," मी म्हणाले. मला म्हणायचं होतं की मी तिसरीच्या पाठाचा सराव करतेय. पण गोंधळात शब्द निघाले ते असे.

सदरा काढलेला माणूस पांढराफटक पडला. "आख्खी तिसरी?"

तो पाण्यात शिरलाच. त्याला बाहेर बोलवायला मला जेवढं ओरडावं लागलं, तेवढी त्या सकाळची माझी तालीम झाली. खरा प्रकार कळल्यावर दुसरा माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "घरी कोन हाय का तुमच्या?"

बातमी माझ्या आधी घरी पोचली. सासूबाई दारातच उभ्या. "नदीवर बोंबलत व्हतीस म्हनं!" हे ओरडूनच, अर्थात. हे त्या दिवशी दुपारी उठल्यावर चहाचा कप पुढे ओढत म्हणाले, "हे काय नवीन? लोक काय म्हणतील? शाळेवाल्यांनी नाही म्हटलंय ना, मग सोड की. सगळ्यांनाच सगळं जमतं असं थोडंच आहे?"

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. ते समजुतीनं बोलले. ती समजूत रात्रभर माझ्या डोक्यात घणासारखी वाजत राहिली. जमत नाही? मला जमत होतं. मागच्या बाकापर्यंत जमत होतं. ते मी या घरात जमेनासं करून घेतलं होतं, डाळीपासून चपलेपर्यंत, दुसऱ्याच्या झोपेसाठी. आणि आता तेच माझी कुवत म्हणून मला दाखवलं जात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे पाळीवरून आले, जेवले, झोपले. मी पंपाचा स्टो काढला. तो पेटवला. त्यावर कुकर चढवला. मुलीला सुट्टी होती, तिला पाटावर बसवलं. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून उभी राहिले आणि म्हटलं, "मुलांनो, आज आपण नद्यांची माहिती घेणार आहोत."

मुलीनं घाबरून आतल्या खोलीकडे पाहिलं. मी आणखी मोठ्यानं म्हटलं, "गोदावरी कुठे उगम पावते?"

कुकरची शिट्टी झाली. आमच्या घरात ती कशी वाजते हे मुलीनं पहिल्यांदाच ऐकलं असेल. ती कानांवर हात ठेवून खदाखदा हसायला लागली. वरच्या मजल्यावरून कोणीतरी जमिनीवर काठी ठोकली. हे दारात येऊन उभे राहिले, केस विस्कटलेले, एक डोळा मिटलेला.

"अगं, तिसरी शिफ्ट आहे माझी!"

"आणि माझी पहिली," मी म्हणाले. "कृष्णेचं सांगून होईपर्यंत मी थांबणार नाही."

ते बघतच राहिले. मीही. नद्या संपल्या असत्या तर काय बोलायचं हे मला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात सासूबाई देवघरातून आल्या. त्यांनी वाती करायच्या कापसातले दोन बोळे काढले आणि मुलाच्या हातात कोंबले.

"घाल कानात आन् पड. तिला तिचं काम करू दे."

यांनी बोळे घातले. पडले. आणि झोपले! मी भीमेपर्यंत पोचले तेव्हा आतून घोरणं ऐकू येत होतं.

सगळ्यांना वाटेल मला आनंद झाला. मला असा संताप आला की हातातलं उलथनं मी फेकून देणार होते. कापूस! दोन बोळे! इतकी वर्षं तो कापूस देवघराच्या फळीवर पडून होता आणि मी गोणपाटावर भांडी घासत होते, कच्ची डाळ गिळत होते. आणि हे कोणाला सुचलं नव्हतं. यांना नाही, सासूबाईंना नाही, आणि डी.एड. झालेल्या मलाही नाही. कारण मी गप्प बसणं हे कापसापेक्षा सोपं होतं. सगळ्यांनाच.

पुढे रोज आमच्या स्वयंपाकघरात शाळा भरायची. वरच्या मजल्यावरच्या काठीलाही मी कापसाची एक छोटी पुडी पाठवून दिली. काठी थांबली. काठीवाल्यांची बायको मात्र जिन्यात भेटून म्हणाली, "वहिनी, आता आमच्याकडेही शिट्टी वाजते."

मोठ्या बाईंनी पुन्हा बोलावलं तेव्हा रोजच्या ओरडण्यानं माझा घसा पार बसला होता. कोंबड्यासारखा आवाज निघत होता. पण निघत होता. ट्रक आला तसा मी तो वाढवला, ट्रक गेला तसा उतरवला. मोठ्या बाई शेवटी पुढे आल्या. "फाटका आहे," त्या म्हणाल्या, "पण पोचतो. सोमवारपासून या. मात्र ही बदलीची जागा आहे, हे लक्षात ठेवा. त्या बाई परत आल्या की ती त्यांची."

मी लक्षात ठेवलं. घरी यांनी, "बघ, मी म्हणतच होतो," असं म्हणून चहा मागितला. त्यांनी काय म्हटलं होतं हे मला पक्कं आठवत होतं, पण पहिल्या दिवसाची तयारी करायची होती, म्हणून वाद ठेवून दिला.

रजा संपत आली तसा मला रोज घोर लागला. त्या बाई येणार आणि मी पुन्हा मोरीपाशी जाणार. त्या आल्या, एका दुपारी, कडेवर बाळ घेऊन. दापोडीला त्यांचं घर. मी टेबल आवरायला लागले, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या बाई. मी राजीनामा द्यायला आलेय. सासूबाई गावी गेल्या, आणि बाळाला बघायला दुसरं कोणी नाही. हे म्हणाले, घरचं सांभाळून होत असेल तर कर. होत नाहीये."

मी म्हटलं, "पुढे परत याल की."

"बघू," त्या म्हणाल्या. मग वर्गाच्या दारात उभं राहून त्यांनी मुलांवरून नजर फिरवली. "ती खिडकीजवळची, तिला मागून फळा दिसत नाही. घरचे चष्मा करत नाहीत. पुढे घ्या तिला. आणि तो कोपऱ्यातला पोट दुखतं म्हणत असेल, त्याच्याकडे लक्ष देऊ नका, त्याला डबा नको असतो."

त्या गेल्या. माझी जागा पक्की झाली, असं मोठ्या बाईंनी मधल्या सुट्टीत सांगितलं. हे ऐकण्यासाठी मी नदीवर बोंबलले होते. सुट्टी संपल्यावर मी खिडकीजवळच्या मुलीला पहिल्या बाकावर आणलं. घरी येताना पेढे घ्यायला दुकानाशी थांबले, आणि न घेताच बस पकडली.