मुलचेऱ्याचं हिरवं वर्तुळ

मी चंद्रपूरला एका आरोग्य संस्थेच्या मुख्य कार्यालयात संगणकांचं काम पाहतो. संस्थेची छोटी रक्ततपासणी केंद्रं चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत आहेत. प्रत्येक केंद्रात एकदोन संगणक, बहुतेक जुने. जुन्या संगणकात सुरक्षेच्या त्रुटी साचत जातात. त्या वेळेवर बुजवल्या नाहीत तर बाहेरचा कोणी आत शिरू शकतो. अशा त्रुटी शोधून त्यांची यादी देणारं सॉफ्टवेअर निवडायचं काम समितीनं माझ्याकडे दिलं होतं. पुढे जे झालं त्याबद्दल मी समितीला दोन पानं लिहून दिली आहेत. निवडीचा भाग मात्र त्यात नव्हता.

शेवटी दोन सॉफ्टवेअर उरली होती. पहिल्याची माहिती द्यायला पुण्याच्या एक इंजिनिअर बाई फोनवर आल्या. त्यांनी सुरुवातीलाच विचारलं, "सर, तुमच्याकडे एकूण यंत्रं किती?"

"साठेक असतील."

"साठेक म्हणजे? मोजली आहेत का?"

मला राग आला. त्यांच्या अहवालाच्या पहिल्याच पानावर एक रकाना होता: महिनाभरात न दिसलेली यंत्रं. चाचणी घेतली तेव्हा आमची निम्मी केंद्रं त्या रकान्यात जाऊन बसली. दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पहिल्या पानावर प्रत्येक केंद्रासमोर फक्त एक रंगीत वर्तुळ यायचं. त्रुटी असतील तर लाल, नसतील तर हिरवं. समितीतले एक निवृत्त मुख्याध्यापक ते पाहून म्हणाले, "हे बरं हाय. प्रगतिपुस्तकासारखं. मलेबी समजते." मी तुलनेचा तक्ता केला, 'वापरायला सोपं' या मुद्द्याला जास्त गुण ठेवले आणि दुसरं निवडलं. गुण आधी ठरले की निवड आधी ठरली, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

तपासणी चालू झाली की लहान केंद्रांचं इंटरनेट अडायचं. म्हणून केंद्र ज्या दिवशी बंद, त्या दिवशी मी ती लावत गेलो. गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याला आठवडी बाजाराच्या दिवशी केंद्राला कुलूप असतं. दूरच्या गावांतली माणसं त्या दिवशी बाजारात येतात, म्हणून तिथल्या तंत्रज्ञ बाई टेबल घेऊन बाजारातच बसतात आणि रक्ताचे नमुने घेतात. तो दिवस मला सोयीचा वाटला. रुग्णांच्या नोंदींची प्रत चंद्रपूरला ओढून घ्यायचं कामही मी त्याच दिवसावर टाकलं.

तिसऱ्या महिन्यात आतल्या पानावरची एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मुलचेऱ्यासमोर 'शेवटची तपासणी' या रकान्यात तारीखच नव्हती, नुसती आडवी रेघ होती. पहिल्या पानावर वर्तुळ हिरवं होतं. ज्या यंत्रापर्यंत सॉफ्टवेअर पोचलंच नाही, त्यात त्याला त्रुटी सापडणार कुठून? मी तिथल्या तंत्रज्ञ बाईंना फोन केला.

"बाजाराच्या दिवशी संगणक चालू असतो ना?"

"नाई भाऊ. कुलूप लावाच्या आधी मेन स्विचच खाली करून टाकतो. वायरिंग जुनी हाय, ठिणग्या उडते. तुमच्या हापिसाले दोनदा कागद लिवला ना मी."

"मग तुमच्याकडे तपासणी होतच नाही."

"काऊन? कागदावर तं आमचं हिरवं हाय. अध्यक्षांनी शाबासकीचं पत्र पाठवलं. भिंतीवर लावलं मी."

वार बदलायला मला पाच मिनिटं लागली असती. पण वार्षिक सभा दोन आठवड्यांवर होती आणि वार बदलला की ते वर्तुळ लाल होणार होतं. सभा झाल्यावर बदलू, असं मी ठरवलं. नंतर विसरलो, असं म्हणणं सोयीचं आहे. ती रेघ मला दर महिन्याला दिसत होती.

धान कापणीच्या दिवसांत मुलचेऱ्याचा संगणक बंद पडला. पडद्यावर पैशांसाठी इंग्रजीत धमकी आणि सगळ्या फायली कुलूपबंद. त्यात सिकलसेलच्या रुग्णांच्या सात वर्षांच्या नोंदी होत्या. कोणाला कधी रक्त दिलं, कोणाला कोणतं औषध सोसलं नाही, सगळं. पूर्वी बाई हे हाताने रजिस्टरमध्येही लिहीत. दुहेरी काम नको, असं पत्र पाठवून मीच ते बंद करवलं होतं. चंद्रपूरला प्रत शोधली. एकही नव्हती.

केंद्रातल्या टेबलावर बाईंचा पेनड्राईव्ह सापडला. त्यात मुलीच्या परीक्षेचा अर्ज होता. व्हायरस त्यातूनच आला असं धरून समितीनं त्यांना नोटीस काढली: कामावरून का कमी करू नये. माझ्याकडून तांत्रिक अहवाल मागवला. पेनड्राईव्ह मी तपासला, तो स्वच्छ होता. हल्ला ज्या त्रुटीतून झाला तिची दुरुस्ती कधीचीच उपलब्ध होती, आणि एका तपासणीतही ती त्रुटी यादीत सगळ्यात वर आली असती. मी अहवालात लिहिलं: मूळ कारण निश्चित सांगता येत नाही.

सुनावणीच्या दिवशी बाई पहाटेची बस पकडून आल्या. माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मी दिसताच उठल्या.

"भाऊ, एकच विचारतो. खरंच माह्या पेनड्राईव्हनं झालं का? तुमाले समजते त्यातलं. तुमी हो म्हटलं तं मी आत जाऊन कबूल करतो."

"नाही," मी म्हणालो. आत गेलो, अहवाल परत मागितला आणि वार, रेघ, फोन, रजिस्टर बंद करायचं पत्र, सगळं लिहून दिलं. यात धाडस नव्हतं. त्या माझ्या शब्दावर आपली नोकरी सोडायला तयार आहेत, हे ऐकल्यावर दुसरं काही करता आलं नाही, इतकंच. नोटीस मागे घेतली गेली. मला लेखी ताकीद मिळाली. कामावर ठेवलं, कारण सगळे पासवर्ड माझ्याकडेच होते.

नोंदी परत आल्या नाहीत. पुढचे काही बाजार मी मुलचेऱ्याला बाईंच्या टेबलाशी बसलो. माणसं आपापली सिकलसेलची कार्डं आणायची, रुग्णाचं लाल, वाहकाचं पिवळं; त्यावरून मी नव्या रजिस्टरमध्ये लिहायचो. बाईंनी पहिल्याच दिवशी ओळख करून दिली, "हे चंद्रपूरचे साहेब. यायनंच आपलं रजिस्टर बंद केलं होतं. आता लिवून राह्यले." रांगेतल्या बाया हसल्या.

एका आजोबांनी आणलेल्या कार्डावर नातवाचं नाव आणि गाव होतं. बाकीची शाई पाण्यानं गेली होती. रक्त कधी दिलं, औषध कोणतं चालू होतं, त्याचा त्रास झाला होता का, त्यांना आठवेना. मी ते रकाने सोडून पुढच्या ओळीवर गेलो.

बाईंनी सुई लावता लावता रजिस्टरकडे पाहिलं. "रिकामं नोका सोडू साहेब. रिकामं दिसलं का तुमाले सगळं बरं हाय असं वाटते."

मी मागच्या ओळीवर आलो आणि प्रत्येक रकान्यात 'माहीत नाही' असं लिहिलं. तीन रकाने होते.